अकरा घरांचा तांदूळ

मर्काटोला, ता. एटापल्ली
रविवार, १९ नोव्हेंबर २०२३

चिरंजीव दिनेशला यायोचा जोहार आणि प्रभूच्या नावात सलाम.

तू फोन कर म्हणतोस. फोनला टेकडी चढावी लागते, आणि माझे गुडघे टेकडीचं नाव काढलं तरी कुरकुरतात. बायबलातल्या पौलानं तुरुंगातून पत्रंच लिहिली, मग मी घरातून लिहिली तर काय बिघडलं? शिवाय आईशी फोनवर बोलताना तू ‘हो, हो, ठीक आहे’ याच्यापुढे जात नाहीस. कागदावर निदान दोन ओळी तरी भरतोस.

महूची फुलं विकत घेणाऱ्या आरिफभाईच्या पिकअपमध्ये एक पोतडं पाठवते आहे. मंडळीचा मुठीचा तांदूळ आहे. तू लहान होतास तेव्हाची रीत अजून तशीच आहे. रोज भात टाकताना प्रत्येक घरानं एक मूठ बाजूला काढायची आणि रविवारी उपासनेला येताना मडक्यात आणून टाकायची. अकराही घरं टाकतात. यंदा सगळ्यांनी मिळून ठरवलं की हा तांदूळ चंद्रपूरच्या तुझ्या मंडळीला नाताळच्या जेवणासाठी द्यायचा. जंगलातल्या लोकांनीही कधी शहराला वाढावं की नाही? तुझ्या पास्टरसाहेबांच्या हातात दे आणि सांग, मर्काटोल्याच्या मंडळीकडून.

आज उपासना छान झाली. पोचूनं ढोलकी वाजवली, त्याचं लहानगं मांडीवर झोपलेलंच होतं. बुधरीनं गाणं भलत्याच सुरात उचललं आणि सगळ्यांना तिच्या मागे ओढत नेलं. तुझा बाबा असता तर डोळे मिटून हसला असता.

नव्या धानाचा पंडुम सण झाला. नवा तांदूळ गावदेव पेनाला वाहिल्याशिवाय गावात कुणी तोंडात घालत नाही, हे तुला ठाऊक आहे. सगळ्या गावानं पेनापुढे आपापली मूठ टाकली, आपल्या अकरा घरांनी टाकली नाही. थोडी बोलाचाली झाली, पण ठीक आहे. तुझा जंगूमामा गावाचा गायता, पूजा त्याच्याच हातची. माझा सख्खा भाऊ पेनाचा आणि मी येशूची. इतकी वर्षं दोघंही आपापल्या जागी घट्ट बसलो आहोत. हट्टीपणा एकाच आईच्या दुधातला आहे, त्याला काय करणार?

सकाळी नऊला आम्ही उपासनेला उभे राहतो तेव्हा मी मनात म्हणते, तिकडे माझा दिनेशही उभा असेल. मग गुडघ्यांना दटावते आणि मीही उभी राहते.

तुझी यायो,
धुरपता


बाबुपेठ, चंद्रपूर
२८ डिसेंबर २०२३

प्रिय यायो,

जोहार आणि सलाम.

तांदूळ मिळाला. पास्टरसाहेबांना दिला. नाताळच्या दिवशी मंडळीतल्या बायकांनी शिजवला. सगळे जेवले. मर्काटोल्याचं नाव घेऊन प्रार्थना झाली. सगळ्यांना आनंद झाला.

मला येता आलं नाही. टायरच्या दुकानाला सुट्टी नाही. कोळशाचे ट्रक सणवार पाहत नाहीत, त्यांचे टायर नाताळलाही फुटतात. पण रविवारी सकाळी दोन तास सोडतात, त्यामुळे उपासना चुकत नाही. नऊ वाजता असतोच.

तुझे गुडघे कसे आहेत? धान कापायला यंदा कोण कोण आलं होतं? आपण कुणाकुणाच्या शेतावर गेलो होतो म्हणजे ते फेडायला येतीलच. हापशीवरून पाणी कोण आणून देतं? तू उचलू नकोस.

पोचूचं लहानगं म्हणजे कोणतं? धाकटा तर आश्रमशाळेत सहावीत गेला ना?

तुझा,
दिनेश


मर्काटोला
८ जानेवारी २०२४

चिरंजीव दिनेशला जोहार आणि सलाम.

तुझं पत्र दहा वेळा वाचलं. मर्काटोल्याचं नाव घेऊन चंद्रपूरला प्रार्थना झाली! तुझ्या बाबाला जाऊन सांगितलं. शेताच्या कोपऱ्यात त्याच्या मातीजवळ बसले आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. गावानं त्याला आपल्या स्मशानात जागा दिली नाही, पण शहरातल्या भल्या लोकांनी त्याच्या गावाचं नाव देवापुढे घेतलं, हे त्याला कळायला हवं होतं.

पण तू पुरुषासारखं पत्र लिहितोस. सगळे जेवले म्हणे! कोण जेवलं, कुणी वाढलं, कोणतं गाणं म्हटलं, काहीच नाही. आणि त्या बायांना एक गोष्ट सांगायची राहूनच गेली. आपला मंडळीचा भात कसा असतो ते तुला माहीत आहे. अकरा घरचा अकरा तऱ्हेचा तांदूळ, काही दाणे गाळ होतात आणि काही कच्चे राहतात. त्यांनी नावं तर ठेवली नाहीत ना? पाणी जरा जास्त घालायला सांगायला हवं होतं.

पोचूच्या मांडीवर त्याचा नातू होता. मी लहानगं लिहिलं. तू पत्र वाचतोस की तपासतोस?

धान कापायला सगळे आले होते. पाण्याची काळजी करू नकोस. जंगूमामा सरपण आणून कुंपणाबाहेर टाकतो आणि मी दिसायच्या आत निघून जातो. त्याला वाटतं मला कळत नाही. गावात एवढी सरळ मोळी दुसरं कोण बांधतं?

मध्ये थोडा ताप आला होता, गेला.

नऊ वाजता उभा राहतोस हे लिहिलंस, बरं वाटलं. तू तिथे उभा आहेस म्हणून मी इथे उभी आहे. रोज अंथरुणावर पडताना एवढंच बोलते देवाशी. दुसरं काही मागायला आता सुचत नाही.

तुझी यायो


बाबुपेठ, चंद्रपूर
१७ जानेवारी २०२४

यायो,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

तांदूळ मी पास्टरला दिला नाही. माझा कुणी पास्टर नाही. चंद्रपूरला आलो तेव्हा दोन रविवार चर्चमध्ये गेलो होतो, शेवटच्या बाकावर बसलो आणि परत आलो. त्याला चार वर्षं झाली. नऊ वाजता मी टायर खोलत असतो.

नाताळला दुकान बंद होतं, सुट्टी नाही हेही खोटंच लिहिलं. मी खोलीत एकटा होतो. खायला काही नव्हतं म्हणून पोतडं सोडलं आणि भात टाकला. लहानपणी मंडळीच्या भाताची आम्ही पोरं थट्टा करायचो, एक दाणा गाळ आणि एक दाणा गोटा. कुणाचा जाडा, कुणाचा एचएमटी, कुणाचा रेशनचा. बुधरीकाकूच्या घरचा तर कधी शिजायचाच नाही.

यायो, तुझा भात एकदम शिजला. सगळे दाणे लाल, सगळे सारखे. आपल्या उतारावरच्या तुकड्यातला तांदूळ मी ओळखणार नाही का? त्यात दुसऱ्या कुणाचा एक दाणा नव्हता. पहिला घास तसाच हातात धरून बसलो.

तरीही मी तुला ते पत्र लिहिलं. तुझं खोटं उघडं करायचं तर माझं आधी उघडं करावं लागलं असतं. पण कच्च्या दाण्यांची काळजी करणारं तुझं पत्र वाचलं आणि मला राहवलं नाही.

आरिफभाई परवा टायर बदलायला आले होते. त्यांना विचारलं. आधी म्हणाले, “मले कायले इचारतो बेटा? मी महू घेतो, खबर नाई घेत.” मग चहा तसाच ठेवून म्हणाले, “एकटीच गाते ते. बाकी दहा घरायनं दोन साल झाले, आपली मूठ पेनाले देल्ली. हापशीवर तिले कोणी येऊ देत नाई, नाल्यावरून पानी आनते. धान तिनं एकटीनंच कापलं.”

मी इथे नऊ वाजता उभा आहे म्हणून तू उभी आहेस, असं तू लिहिलंस. मी उभा नाही, यायो. कधीच नव्हतो. बाबा आजारी पडला तेव्हा अकरा घरांनी अकरा दिवस उपास केला होता. मीही केला होता. तू म्हणालीस, मागा म्हणजे मिळेल. मी इतकं मागितलं की घसा बसला. बाबा गेला त्या दिवशी माझं संपलं. तुला सांगायची हिंमत झाली नाही, एवढंच.

आता ऐक. गावालाही एक मूठच पाहिजे आहे. मामाच्या पुढ्यात ती टाक आणि मोकळी हो. हापशीवरून पाणी आण. लोक तुझ्याशी बोलतील, दुखलं खुपलं तर दारात येतील. माझ्यासाठी तू हे धरून बसली असशील तर सोड. इथे कुणी नाही.

दिनेश


मर्काटोला
रविवार, २८ जानेवारी २०२४

दिनेशला यायोचा जोहार.

तुझं पत्र आलं आणि दोन दिवस मी चूल पेटवली नाही. खरं सांगते, राग आला. तुझ्यावर आला, आरिफभाईवर आला, माझ्या मूर्खपणावर आला. पोतड्यात ओंजळभर रेशनचा तांदूळ मिसळला असता तर तुला कळलंही नसतं. एवढी वर्षं मंडळीचा तांदूळ पाखडला आणि हे मला सुचलं नाही. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात ते काही उगाच नाही.

तुझ्या बाबाला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं मी ते. आता परत जाऊन काय सांगू?

दहा घरांवर रागावू नकोस. पोचूच्या सुनेला दिवस गेले होते आणि नाल्याची वाट निसरडी. त्यानं मूठ टाकली. बुधरीच्या नवऱ्याला शेतावर माणूस मिळेना, तिनंही टाकली. जो तो आपल्या लेकराबाळांकडे पाहून गेला. सावली गावाहून येणारे सुनिल पास्टर एकदा आले, माझी एकटीची उपासना घेतली, आणि परत यायचं त्यांच्यानं झालं नाही. बुधरी पहिले काही रविवार दाराशी येऊन उभी राहायची. मग तेही बंद झालं. मी तुला ती जुनी उपासना लिहीत राहिले. लिहिताना वाटायचं, आत्ताच झाली आहे. ढोलकीसुद्धा ऐकू यायची.

जंगू काल लाकडं टाकायला आला तेव्हा मी कुंपणाशी जाऊन उभीच राहिले. त्याला पळता आलं नाही. तू तांदळावरून माझी चोरी कशी पकडलीस ते सांगितलं. दोघंही हसलो. मग तो म्हणाला, “धुरपता, एक मूठ टाक ना वो. मी डोळे मिटून घेतो, तू कोणाच्याही नावानं टाक.” माझ्या भावाला माझ्यापुढे असं हात पसरताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, “तू डोळे मिटशील, पन ज्याले शब्द देल्ला तो मिटन का?”

तू लिहितोस सोड. कशी सोडू ते मला कळत नाही, दिनेश. तुझ्या बाबाचा हात धरून नदीत उभी राहून मी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा कबूल केलं होतं. त्या वेळी सुख होतं, गाणी होती, अकरा घरं होती. आता काही नाही. प्रार्थना करते तेव्हा पूर्वी कुणीतरी ऐकतंय असं वाटायचं, आता तेही वाटत नाही. बाबाच्या वेळी तुझं संपलं म्हणतोस. माझंही तेव्हाच काहीतरी संपलं असेल, फक्त मी उठून उभी राहत गेले. ऐकणारा आहे की नाही हे मला आता सांगता येत नाही. पण मी त्याचं ऐकलं होतं, हे तर खरं आहे ना? मग माझी बाजू मी कशी सोडू? हट्ट म्हण हवं तर.

आणि तू तिथे नव्हतास हे कळल्यावर तर मला बसताच येत नाही. पूर्वी आपण दोन होतो असं समजत होते. आता एकटीच आहे. मी बसले तर तुझ्या नावानं उभं कोण राहील? आजही नऊ वाजता उभी राहिले. गाणं पूर्ण झालं नाही, दम लागला. अर्धं म्हटलं.

खोटं आपण दोघंही बोललो. मी माझ्यापुरती क्षमा मागितली. तुझ्याकडे एकच मागते. यापुढे खोटं लिहू नकोस. गेला नाहीस तर ‘गेलो नाही’ एवढंच लिही. ते मी वाचीन. काहीही वाचीन, पण पत्र पाठव.

यायो


बाबुपेठ, चंद्रपूर
१२ फेब्रुवारी २०२४

प्रिय यायो,

जोहार.

तू खरं लिही म्हणालीस म्हणून लिहितो. काल रविवारी सेठला दोन तासांची सुट्टी मागितली. चर्चपर्यंत गेलो. आत गेलो नाही. समोर उसाच्या रसाची गाडी लागते तिथे रस्त्यावर उभा राहिलो. नऊ वाजता आत गाणं सुरू झालं, तुझ्या ओळखीचं, बुधरीकाकू भलत्या सुरात उचलते ते. इथे ते बरोबर सुरात म्हणतात. मला ते चुकल्यासारखं वाटलं.

देव आहे असं मला वाटलं नाही. प्रार्थनाही केली नाही. नुसता उभा राहिलो, गाणं संपेपर्यंत. तू तिथे उभी असशील असं मनात आलं, एवढंच. पुढच्या रविवारीही तिथे जाऊन उभा राहीन. आत जाईन असं कबूल करत नाही.

माझा मोबाईल पाण्यात पडला, दुरुस्तीला दिला आहे. ईस्टरला मी येतो. या वेळी खरंच येतो. नाल्यावरून पाणी मी आणीन आणि हापशीचं मामाशी बोलीन. तोपर्यंत कमी पाण्यात भागव, आणि ताप आला तर अंगावर काढू नकोस.

तुझा,
दिनेश


मर्काटोला
२० फेब्रुवारी २०२४

भाच्याले जोहार.

मी जंगूमामा बोलतो, आरिफ लिहून राह्यला. नीट भाषेत लिहू का म्हणे. मी म्हटलं, जसं निघते तसंच लिही.

तुझी माय गेली.

मांगच्याच्या मांगच्या रविवारी मी जंगलातून बांबू घेऊन येत होतो. दर रविवारी तिचं गाणं कुंपनापर्यंत आयकू येते. गाणं मले समजत नाई, आवाज समजते. मी मुद्दाम त्याच वाटेनं येतो, हे तिले कधी सांगतलं नाई. त्या दिवशी आवाज नाई आला. मी उभा राह्यलो. म्हटलं उशीर झाला असन. मंग दार लोटलं. तुमी येशूचे झाले तवापासून त्या घरात पहिल्यांदा पाय टाकला.

तीन दिवसाचा ताप होता तिले. हंडा कोरडा होता. मले पाहून उठाले लागली. म्हणे, जंगू, नऊ वाजले का? मी म्हटलं वाजून गेले, झोप. म्हणे, मंग राह्यलंच.

हेमलकशाच्या दवाखान्यात नेतो म्हून आरिफची गाडी आणली. दवाखाना याच्या आधीच ते गेली. डोस्कं माह्या मांडीवर होतं. मी टेकडीवर चढून तुले तीन खेप फोन लावला. बंद होता.

गावच्या जागेत माती देत नाई, तुले माहीत आहे. गायता मीच आहे अन् तो नेम मीच सांगतो. तुझ्या बापाजवळ, शेताच्या कोपऱ्यात देल्ली. खांद्याले मी होतो, आरिफ होता, पोचू आला. चवथा कोणी आला नाई. तिघायनं नेलं का तिरडीचा एक कोपरा खाली जाते. सारी वाट मी त्या कोपऱ्याकडे पाह्यत होतो.

दहा घरची माणसं मोहाच्या झाडाखाली उभी होती. तुमचं गाणं त्यायले पाठ आहे. कोणी तोंड उघडलं नाई. मले राग आला. मंग वाटलं, त्यायचं तोंड मीच तं बंद केलं. तुमची प्रार्थना मले येत नाई. म्हून मी म्हटलं, हे माही बहीण आहे, तुझं माणूस आहे, ने तिले. कोणाले म्हटलं ते मले माहीत नाई.

तुझं पत्र चार दिवसानं आलं. आरिफ म्हणे उघडू का. मी म्हटलं, तिचं आहे, नाई उघडाचं. तिच्या मातीवर ठेवलं अन् त्याच्यावर दगड ठेवला. तू काय लिहिलं होतं ते तुलेच माहीत.

येशीन तं ये. आता घाई नाई.

आरिफसंगं तांदूळ पाठवतो. तिच्या मडक्यातला आहे. ताप होता तरी मूठ काढत होती, वरचे दाणे नवे आहेत. पोतडं बांधाच्या आधी मी माह्या घरची एक मूठ त्यात टाकली. गावात कोणाले सांगू नको. शिजवशीन तवा काही दाणे कच्चे राहतीन. ते माह्या घरचे आहेत.

तुझा मामा,
जंगू